प्लेग्रुप सुरू झाल्यापासून सर्दी थांबतच नाहीये (वय अडीच), आणि गणपतीला तान्ह्या बाळाच्या घरी जायचंय

सायंतारा | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं वाचतेय पण धागा पहिल्यांदाच काढतेय. लेक अडीच वर्षांचा, आम्ही सिंहगड रोडला राहतो. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू केला आणि तेव्हापासून ही पाचवी सर्दी. एक संपून चार दिवस बरे जातात न जातात तोवर सोमवारी परत नाक गळायला लागतं, मग रात्री खोकला, मग एक दिवस ताप, मग हिरवा शेंबूड, आणि खोकला तर दोन-दोन आठवडे रेंगाळतो. दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झालाय, दुसऱ्या वेळी जुलाब लागले आणि वजन पाव किलो उतरलं. आईचं म्हणणं याची इम्युनिटीच कमी आहे, नवरा म्हणतो शाळा बंद कर, सासूबाईंनी फोनवरून केळं आणि दही बंद करायला लावलंय. मला खरंच काही सुचत नाहीये. रात्री त्याची छाती घरघरते तेव्हा मी उठून बसते आणि नुसती बघत राहते, काय बघायचं तेही कळत नाही.

अजून एक, गणपतीला सासरी वाईला जायचंय, तिकडे धाकट्या जावेचं दीड महिन्याचं बाळ आहे. याची सर्दी तोवर गेली नाही तर काय करायचं? आणि हे इतक्या वेळा आजारी पडणं नॉर्मल आहे का?

धानोरीची_आई | सोमवार, रात्री ११:५८

अगं नॉर्मल आहे, खूप नॉर्मल. माझ्या मुलीचं पहिलं वर्ष अस्संच गेलं. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या धरूनच चालायच्या, आणि पाळणाघर किंवा प्लेग्रुप असेल तर दहा-बारासुद्धा होतात. आपल्याकडे त्यातल्या बऱ्याचशा पावसाळ्यात एकामागोमाग एक येतात, म्हणून वाटतं की एकच सर्दी तीन महिने चाललीये. कॅलेंडरवर तारखा लिहून ठेव, मधले बरे दिवस दिसले की जिवाला जरा शांतता मिळते.

निळासागर | मंगळवार, सकाळी ७:१५

मी वेगळं मत मांडतो. आम्ही मुलाला प्लेग्रुपमधून काढलं आणि अजिबात पश्चात्ताप नाही. पावणेतीन वर्षांचं पोर घरी राहिलं तर काही बिघडत नाही. आमच्याकडे बंद खोलीत वीस मुलं, खिडक्या कायम लावलेल्या, आणि पालक सकाळी तापाचं औषध पाजून मुलाला सोडून ऑफिसला जायचे. शिक्षिकेला सांगितलं तर म्हणायच्या की सगळ्यांनाच असते हो सर्दी. ज्यांना घरी ठेवणं शक्य आहे त्यांनी ठेवावं.

कर्वेनगरकर | मंगळवार, सकाळी ९:०२

निळासागर, शक्य असेल तर ठीक आहे पण दोघं नोकरी करणाऱ्यांना तो पर्याय नसतो. आणि घरी ठेवलं तर त्या सर्द्या टळतात असं नाही, पुढे ढकलल्या जातात. अमेरिकेत टूसॉन इथे मुलांना जन्मापासून पुढे कित्येक वर्षं बघत राहिलेला एक अभ्यास आहे. त्यात मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना दुसऱ्या वर्षी सर्द्या जास्त झाल्या पण सहा ते अकरा या वयात घरी वाढलेल्यांपेक्षा कमी झाल्या, आणि तेराव्या वर्षापर्यंत दोघं सारखेच. म्हणजे हप्ते आत्ता भरायचे की पहिलीत भरायचे एवढाच प्रश्न. मला विचाराल तर पहिलीत शाळा बुडण्यापेक्षा आत्ता परवडतं. बंद खिडक्यांचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, ते आपण पालकांनीच धरून लावलं पाहिजे. आमच्या ग्रुपवर आम्ही ठरवलं की ताप असेल तर चोवीस तास औषधाशिवाय ताप नसल्याशिवाय पाठवायचं नाही. सगळे पाळत नाहीत, पण निम्मे पाळतात तरी फरक पडतो.

पेठेतल्या_आजी | मंगळवार, सकाळी १०:३०

सायंतारा बाळा, घाबरू नकोस. मी तीन मुलं आणि पाच नातवंडं वाढवली. नाक चोंदलं की ओवा तव्यावर भाजून मऊ फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या गालाला लावून बघायची आणि मग छातीला, पाठीला हलका शेक द्यायचा. वेखंड उगाळून टाळूला लावायचं, रात्री न्हाणं झाल्यावर धुरी द्यायची. मधात सुंठ उगाळून चाटवायची. मूल शांत झोपतं. आणि जेवण जात नसेल तर मऊ भात, वरण, तूप, गरम सार, जे घेईल ते थोडं थोडं.

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, दुपारी १:१०

मी एका प्रयोगशाळेत तीस वर्षं विषाणूंवर काम करून निवृत्त झालो, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं बोलणार नाही, पण "इम्युनिटी कमी" या शब्दावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

सर्दी हा एक आजार नाही. सर्दी करणारे दोनशेहून जास्त विषाणू आहेत. त्यातला सगळ्यात मोठा गट ऱ्हायनोव्हायरसचा, त्याचेच एकशे साठच्या वर प्रकार, आणि एका प्रकाराशी लढून तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला फारशी उपयोगी पडत नाही. शिवाय आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएंझा, अॅडेनोव्हायरस, इन्फ्लुएंझा, आणि कोविडच्या आधीपासून माणसात फिरणारे चार साधे कोरोनाव्हायरस. जानेवारी २०२५ मध्ये ज्या एचएमपीव्हीने सगळ्यांची झोप उडवली होती तो २००१ साली नेदरलँड्समध्ये सापडला, आणि त्याच्याही आधी कित्येक दशकं तो मुलांना सर्दी करतच होता. तेव्हा तुमच्या लेकाला पाच वेळा सर्दी झाली ती बहुधा पाच वेगवेगळ्या पाहुण्यांमुळे. त्याचं शरीर प्रत्येकाला हाकलून देतंय. म्हणजे प्रतिकारशक्ती कामाला लागलेली आहे, झोपलेली नाही.

हिरव्या शेंबडाबद्दल. विषाणूशी लढायला ज्या पांढऱ्या पेशी नाकात जमतात त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं लोहयुक्त एन्झाइम असतं आणि त्याचा रंगच हिरवा असतो. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट पिवळा-हिरवा होतो तो त्यामुळे. नुसत्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग आहे असं म्हणता येत नाही.

आणि दही-केळं. विषाणू शरीरात आल्याशिवाय सर्दी होत नाही, केळ्यात तो नसतो. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ पासून चाळीसेक वर्षं सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं, तिथे स्वयंसेवकांना अंघोळ घालून ओल्या अंगाने गार वाऱ्यात उभं केलं, तरी त्यांना सर्दी जास्त झाली नाही. गारव्याचा अगदीच संबंध नाही असंही मी म्हणणार नाही, कारण ऱ्हायनोव्हायरस ३३ अंशाच्या आसपास, म्हणजे नाकातल्या तापमानाला जास्त चांगला वाढतो. पण वजन उतरलेल्या मुलाचं दही आणि केळं काढून घेणं मला पटत नाही. त्याला खाऊ द्या.

सायंतारा | मंगळवार, दुपारी २:२५

काका, हे वाचून अक्षरशः डोळ्यात पाणी आलं. तीन महिने मी स्वतःलाच दोष देत होते की माझं काहीतरी चुकतंय. आजी, ओव्याची पुरचुंडी आज रात्रीच करते.

शिरीषफूल | मंगळवार, दुपारी ३:४०

आजींच्या पुरचुंडीला आणि साराला +१. पण आजी, धुरीचं मात्र नको हो. धूर कुठलाही असो, शेगडीचा, उदाचा, डासांच्या कॉइलचा, सूज आलेल्या श्वासनलिकांना तो त्रासच देतो. माझ्या भाचीला बाळदम्याचा त्रास आहे, तिला धुरी दिली त्याच रात्री नेब्युलायझर लावायला न्यावं लागलं. आणि मध एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, बोटुलिझम (जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार) होऊ शकतो. वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालतो, रात्रीच्या खोकल्याला बरा पडतो.

पेठेतल्या_आजी | मंगळवार, सायंकाळी ५:१५

धुरीचं मला आमच्या सुनेनेही सांगितलं होतं, तेव्हा मी ऐकलं नव्हतं. तुझ्या भाचीचं वाचून आता नाही सांगणार कुणाला. मधाचंही ध्यानात ठेवते.

पेडी_पौडरोड | मंगळवार, रात्री १०:५०

ओपीडी आत्ता संपली. दिवसभरात निम्म्याहून जास्त मुलं सर्दी-खोकल्याचीच होती. इथे कुणालाही न बघता औषध सांगणार नाही, पण सायंताराताई, तुम्ही लिहिलंय की काय बघायचं तेच कळत नाही, त्याचं उत्तर देतो.

नाकाकडे बघू नका, श्वासाकडे बघा. मूल झोपलेलं किंवा शांत असताना, रडत नसताना, शक्यतो ताप उतरलेला असताना, शर्ट वर करा आणि पोट-छाती वर-खाली होताना पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. एक ते पाच वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. दोन महिने ते एक वर्ष, ५०. दोन महिन्यांच्या आत, ६०, आणि तेवढे आले तर परत एकदा मोजायचे. हे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत, गावोगावच्या आशाताईसुद्धा हेच वापरतात. आकडा जास्त आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

आकड्याशिवाय नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी: श्वास घेताना बरगड्यांच्या खाली खड्डा पडणं, ज्याला आया "पोट उडतंय" म्हणतात. नाकपुड्या फुलणं. श्वास सोडताना कण्हणं. ओठ निळसर दिसणं. दूध-पाणी ओढता न येणं, सात-आठ तासांत शू न होणं, मूल मलूल पडणं. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना कर्कश आवाज आला तरी तसंच. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप, मग बाळ कितीही हसरं दिसू दे, लगेच दाखवायचं.

घरघर पुष्कळदा नाकातल्या आणि घशातल्या कफाची असते आणि छातीला हात लावला की जाणवते. नाकात सलाइनचे थेंब टाकून, नाक साफ करून परत ऐका. आवाज गेला, श्वास मोजून ठीक, मूल खेळतंय, तर बहुतेक वेळा ती साधी सर्दीच असते. तरी शिट्टीसारखी आवाज करणारी घरघर वारंवार येत असेल तर एकदा तपासून घ्या.

खोकल्याचं सिरप. चार वर्षांच्या आत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेली औषधं द्यायची नाहीत असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलंय, आणि बाजारातली बरीचशी सर्दीची सिरपं नेमकी तीच. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने दूषित झालेल्या कफ सिरपमुळे मुलं दगावली, त्यानंतर केंद्र सरकारने परत सूचना काढली की दोन वर्षांच्या आत नकोच आणि पाचच्या आत शक्यतो नको. तरीही आज दोन आजोबा मेडिकलमधून घेतलेली बाटली घेऊन आले होते. कृपा करून असं करू नका.

तापाला पॅरासिटामॉल वजनावर, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. पण बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नका. १२० ची येते, २५० ची येते, आणि तान्ह्यांचे ड्रॉप्स त्याहून कितीतरी तीव्र असतात. बाटली बदलली आणि माप तेच ठेवलं, ही चूक मी महिन्याला दोन-तीनदा तरी बघतो. सध्या डेंग्यूचे दिवस आहेत, तेव्हा बाकीची तापाची औषधं मनाने देऊ नका.

अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. ते लागतं तेव्हा जरूर द्यायचं: कान फुटला किंवा खूप दुखतोय, न्यूमोनिया आहे, दहा दिवस झाले तरी सर्दीला काडीचा उतार नाही, किंवा बरं व्हायला लागलेलं मूल उलटून जास्त तापलं. नुसता खोकला उरलाय म्हणून नाही. साध्या सर्दीनंतर खोकला दोन-तीन आठवडे राहू शकतो.

धानोरीची_आई | मंगळवार, रात्री ११:२०

डॉक्टर, खूप आभार. हा प्रतिसाद फॅमिली ग्रुपवर पाठवतेय.

रानजाई | बुधवार, पहाटे १:३५

मी सहसा लिहीत नाही, पण सायंताराने शेवटी जे वाईच्या बाळाचं लिहिलंय त्यावर कुणीच बोललं नाही म्हणून आता झोप लागेना.

माझी मोठी तीन वर्षांची होती, धाकटा सात आठवड्यांचा. ती शाळेतून सर्दी घेऊन आली, साधी, नाक गळतंय एवढीच, ताप पण नाही. ती सारखी त्याच्या गालाला गाल लावायची, पापे घ्यायची, आणि आम्ही कौतुकाने फोटो काढायचो. चौथ्या दिवशी त्याला शिंका आल्या. फोनवर विचारलं तर उत्तर आलं की साधी सर्दी आहे, नाकात थेंब टाका. तेव्हा ती साधी होतीच. त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारपासून तो दूध ओढता ओढता सोडायला लागला, दोन घोट घ्यायचा आणि दमायचा. मला वाटलं नाक चोंदलंय. संध्याकाळी लक्षात आलं की सकाळपासून लंगोट एकदाच ओला झालाय. रात्री अकराला दिव्याखाली त्याचं झबलं वर केलं तर बरगड्यांखाली एवढा खड्डा पडत होता, आणि मान मागेपुढे हलत होती श्वासाबरोबर. वारज्याहून रिक्षाने निघालो, धो धो पाऊस, तो रडत पण नव्हता. रडत नव्हता याचीच मला सगळ्यात भीती वाटली.

आरएसव्ही निघाला, ब्राँकिओलायटिस. फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या सुजतात आणि कफाने भरतात. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं होतं की नळी आधीच काडीएवढी, ती निम्मी झाली की हवा निम्मी नाही, त्याच्यापेक्षा कितीतरी कमी जाते. आणि हा आजार पहिल्या दिवशी नाही तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढतो. त्यावर वेगळं असं औषध नव्हतं, चार दिवस ऑक्सिजन, नळीने दूध, नाक साफ करणं. पाचव्या दिवशी तो अंगावर प्यायला आणि मी तिथेच खूप रडले. आज तो चार वर्षांचा आहे, मस्त आहे, पण त्यानंतर वर्षभर प्रत्येक सर्दीला त्याची छाती वाजायची.

दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ सगळ्याच मुलांना आरएसव्ही होऊन जातो. मोठीला तो नुसता शेंबूड होता. त्याला काय झालं ते वर लिहिलंय. सायंतारा, नाक वाहतंय तोवर नको जाऊस गं. जाऊबाईंना वाईट वाटेल, सासूबाई बोलतील, तरी नको जाऊस.

सायंतारा | बुधवार, सकाळी ६:५०

रानजाई ताई, सकाळी उठून पहिलं हेच वाचलं. काय लिहू. जाणं तर रद्दच करावंसं वाटतंय पण सासूबाईंना सांगायचं कसं? घरचा गणपती, आम्हीच थोरले, यांच्याच हातून प्रतिष्ठापना होते.

निळासागर | बुधवार, सकाळी ८:३०

रानजाई, लिहिलंत ते फार बरं केलंत. सायंतारा, नवऱ्याला एकट्याला जाऊ दे, त्याला स्वतःला सर्दी नसेल तर. पोहोचल्यावर कपडे बदलून, साबणाने हात धुऊन मगच बाळाच्या खोलीत. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका.

सूक्ष्मदर्शी | बुधवार, सकाळी ९:४५

सॅनिटायझरचा मुद्दा योग्य. ऱ्हायनोव्हायरस आणि अॅडेनोव्हायरस यांना बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलला ते तितकेसे दाद देत नाहीत, वाहत्या पाण्याखाली साबणाने चोळून धुतलेले हात जास्त खात्रीचे. आणि सर्दी पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त पसरते, पण लहान मुलांच्या नाकातून विषाणू पुढेही बरेच दिवस बाहेर पडत राहतो.

पेठेतल्या_आजी | बुधवार, सकाळी ११:००

सायंतारा, सासूबाईंना त्यांच्याच भाषेत सांग. आमच्या वेळी सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत कुणी येत नसे, पाय-हात धुतल्याशिवाय तर उंबराही ओलांडू देत नसत, आणि बाहेरून आलेल्या पोराला बाळाजवळ फिरकू देत नसत. त्यांनीही हेच पाळलेलं असणार. सांग की सव्वा महिना झाला असला तरी पावसाळा आहे, यंदा तीन महिने धरूया.

कर्वेनगरकर | बुधवार, दुपारी १२:२०

आजी, +१. सायंतारा, फ्लूच्या लसीचंही तुमच्या डॉक्टरांना विचारा, सहा महिन्यांपासून देतात आणि दरवर्षी घ्यावी लागते, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस. आपल्याकडे फ्लूची एक लाट पावसाळ्यात येते. २००९ चा स्वाइन फ्लू आठवतो ना, देशातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यातच झाला होता, शाळा बंद होत्या, सगळं शहर रुमाल बांधून फिरत होतं. साध्या सर्दीवर लस नाही, पण त्यातल्या एका वाईट आजारावर आहे.

सायंतारा | शनिवार, रात्री १०:१५

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं म्हणून आले. गुरुवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, छाती स्वच्छ आहे, कान ठीक आहेत, अँटिबायोटिक दिलं नाही, सलाइनचे थेंब आणि खायला घाला एवढंच. फ्लूची लस बरं वाटल्यावर ठरलीये. दही-केळं परत सुरू केलं, काल दोन केळी खाल्ली. शाळेला सध्या आठवडाभर सुट्टी, नंतर पाठवणार, आणि खिडक्यांचं मी आणि अजून चार आया सोमवारी जाऊन बोलणार आहोत.

वाईला फोन केला. आजी, तुम्ही सांगितलंत तसंच सव्वा महिन्याचं बोलले. सासूबाई थोडा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या की तुझ्या नणंदेच्या वेळी मी दारात घंगाळ ठेवलं होतं पाय धुवायला, ते काढते माळ्यावरून. हे एकटेच जातील प्रतिष्ठापनेला, आम्ही दोघं गौरीजेवणाला, तेही नाक कोरडं असेल तरच. नंतर जावेचा वेगळा फोन आला. म्हणाली, ताई, चार दिवस हेच बोलायचं होतं मला, पण सणाच्या घरात कसं सांगू ते कळेना.

रानजाई ताई, तुमचा प्रतिसाद तिला पाठवलाय, चालेल ना? ती आता रोज रात्री बाळाचे श्वास मोजते. माझा आत्ता झोपलाय, नाक अजून चोंदलेलं आहे, घरघर आहे. शर्ट वर करून पूर्ण मिनिट मोजले. अठ्ठावीस.

रानजाई | शनिवार, रात्री १०:३२

चालेल काय, जरूर पाठव. तिला सांग, दूध किती वेळा प्यायला आणि लंगोट किती ओले झाले तेही लिहून ठेव म्हणावं. अठ्ठावीस छान आहे गं. झोप तू पण आता.